तो बॅटिंगला आला की मी उठते

आमच्या घरात देव नव्हता. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या, आणि मांजर आडवं गेलं तर बाबा मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे. रविवारी विहारात ते अंधश्रद्धेवर बोलायचे तेव्हा जागा नसली तरी लोक मागे उभे राहून ऐकायचे. नागपुरातल्या आमच्या वस्तीत त्यांच्याइतका विवेकी माणूस नव्हता, आणि हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगत नाही.

फक्त क्रिकेटची मॅच लागली की त्या विवेकाला सुट्टी मिळायची. बाबा खुर्चीत, भाऊ पलंगाच्या डाव्या कोपऱ्यात, आणि जोडी जमली की कोणी जागचं हलायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. एका मॅचमध्ये मी लागोपाठ तीनदा खोलीत आले आणि तीनदा विकेट पडली. झालं. त्यानंतर आपला मोठा बॅट्समन खेळायला आला की बाबा मान न वळवता म्हणायचे, "तू आत जा." आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथे आई भाकरी थापत असायची आणि मी ओट्याला टेकून बाहेरचा आरडाओरडा ऐकायची. सिक्सचा आवाज वेगळा, आउटचा वेगळा. मी दारातून विचारायची, काय झालं? पण उत्तर द्यायला कोणाला वेळ नसायचा. मला राग यायचा. त्याहून जास्त भीती वाटायची, की ते म्हणतात ते खरंच असलं तर?

आता मी अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात राहते आणि गाड्यांचे ब्रेक टेस्ट करते. एका रीडिंगवरून निष्कर्ष काढणाऱ्या ज्युनियरची माझ्यापुढे धडगत नसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. कारण इथल्या बेसबॉल टीममध्ये सगळ्यात लांब फटके मारणारा जो खेळाडू आहे, ज्याच्यापायी मला सात वर्षांपूर्वी या खेळाचं वेड लागलं, तो बॅटिंगला आला की मी सोफ्यावरून उठते आणि किचनमध्ये जाऊन उभी राहते. त्याचे सगळे होमरन, म्हणजे इथले सिक्स, मी नंतर, रिप्लेमध्ये पाहिलेत. ऑफिसात हे कोणाला माहीत नाही.

या मे महिन्यात एका संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. ठरवलं, आज बसायचं. बसले. दुसराच बॉल त्याच्या मनगटावर आदळला आणि हाड मोडलं. तो हात पोटाशी धरून मैदानाबाहेर गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे बाबाच विहारात सांगायचे. मला ते पाठ आहे. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढचे तीन महिने मी त्याच्या मनगटाच्या बातम्या वाचत होते. प्लास्टर निघालं, बॅट हातात घेतली, आठवडाभर खालच्या लीगमध्ये खेळून पाहिलं. ऑगस्टमधल्या एका रविवारच्या दुपारच्या मॅचला तो परत येणार असं कळलं तेव्हा मी मीटिंगमध्येच फोनवर दोन तिकिटं काढली. दुसरं बाबांसाठी. ते जूनपासून माझ्याकडे होते. आई नातवापाशी नागपूरलाच राहिली होती. मला त्या खेळाडूला एकदा तरी समोर खेळताना बघायचं होतं आणि माझी बघायची हिंमत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

जाताना गाडीत बाबांनी विचारलं, हा कितव्या नंबरला येतो. तिसऱ्या, म्हटलं. मग दोन विकेट पडेपर्यंत आपण निवांत, असं त्यांनी जाहीर केलं. मी समजावलं, की इथे कोणी आउट होवो न होवो, सगळे पाळीपाळीने येतात, मॅचभरात एकेक जण साधारण चार वेळा. आउट झालेल्याने परत यायचं म्हणजे गल्लीतला खेळ झाला, असं बाबांचं मत पडलं. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तो चार वेळा येणार, म्हणजे मला चार वेळा उठायला कारण हवं.

तो पहिल्यांदा आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई चक्क रडत होत्या. मी पाणी आणते म्हणून पायऱ्या चढून मागच्या पॅसेजमध्ये गेले. परतले तर बाबांनी सांगितलं, चार वाईट बॉल पडले म्हणून त्याला पहिल्या बेसवर फुकट जाऊ दिलं. दुसऱ्यांदा मी बाथरूमला गेले. तेव्हा तो आउट झाला. तिसऱ्यांदा मी पॉपकॉर्नचं नाव काढलं आणि बाबांनी माझा हात धरला.

"कुठं चालली? बस इथं. ज्याच्यासाठी आलो, तो आला की तू पळते. काहून?"

चाळिशीला आलेल्या बाईने अशा वेळी काहीतरी थाप मारावी. मी सगळं सांगून टाकलं. तीन विकेट, स्वयंपाकघर, मे महिन्यातलं मनगट. मैदानाकडे बघत सांगितलं, कारण त्यांच्याकडे बघून जमलं नसतं. शेवटी म्हटलं, "तुम्ही सगळ्या वस्तीची अंधश्रद्धा काढली, बाबा. माझ्यात तेवढी एक घालून ठेवली."

तोवर तिकडे त्याने तीनदा बॅट फिरवली होती, तिन्ही बॉल हुकले आणि तो आउट झाला. मी ते पाहिलं. पोटात खड्डा पडला. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अर्धा तास तिची कड चाचपत राहिले. मला वाटलं, मी उगाच बोलले. सत्तरी उलटलेल्या माणसाला हे ऐकवून काय मिळालं?

नवापैकी आठव्या इनिंगमध्ये आमची टीम एका रनने मागे असताना तो चौथ्यांदा आला. बाबा गुडघ्यांवर हात रेटून उभे राहिले.

"तू बस," ते म्हणाले. "आज मी आत जातो."

मी नको नको म्हणत होते. त्यांनी नुसता हात दाखवला आणि रेलिंग धरून एकेक पायरी चढत गेले.

मी बसून राहिले. पहिला बॉल त्याने सोडला. दुसऱ्यावर त्याने सगळं अंग फिरवलं, मनगट कधी मोडलंच नव्हतं असं. बॉल उंच गेला, लांब गेला, सगळे उठले, मीही उठून ओरडत होते. आणि पार कुंपणाशी धावत गेलेल्या फिल्डरने उडी मारून तो पकडला. आवाज एकदम खाली बसला. मग लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या, कारण हात बरा झाला होता, हे सगळ्यांना दिसलं होतं. मी पोटातल्या खड्ड्याची वाट बघत होते. तो पडला नाही. त्याने चांगला मारला होता, फिल्डरने त्याहून चांगला पकडला. माझा त्यात काही संबंध नव्हता.

बाबा पॅसेजमध्ये केचपच्या काउंटरपाशी उभे होते, मैदानाकडे पाठ करून. त्यांच्या डोक्यावरच टीव्ही चालू होता. मी म्हटलं, वर बघायचं ना.

"तुला कुठं होता टीव्ही स्वयंपाकघरात?" त्यांचे डोळे लाल झाले होते. "मोठा आवाज आला. मग एकदम बंद पडला. काय झालं?"

मॅच अजून बाकी होती. मी त्यांच्याशेजारी भिंतीला टेकले आणि पहिल्या बॉलपासून सांगायला लागले.