स्लॅबच्या दिवशीचं जेवण

गल्लीत कुणाच्या घराचा स्लॅब ओतला जात असला की ओल्या सिमेंटचा वास घरात येतो आणि मला तिसगावजवळचं ते वसतिगृहाचं बांधकाम आठवतं. माझी ती पहिलीच साइट. फळ्या ठोकणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांचं काम संपल्याशिवाय लोखंडवाल्यांना, आणि त्यांचं झाल्याशिवाय वायरमनला कामाला हात लावता येत नव्हता. ही सगळी साखळी जुळवायचं काम माझं. स्लॅबच्या दिवशी नेमका आठवडी बाजार होता आणि काँक्रीटची दुसरी गाडी गर्दीत अडकली. आधी ओतलेला माल घट्ट झाला असता तर नव्या-जुन्याचा सांधा कच्चा राहिला असता. मी स्कूटीवरून बाजार गाठला, भाजीवाल्यांच्या विनवण्या करून पालं मागे घ्यायला लावली आणि गाडी साइटवर आणली. दिवस कलताना स्लॅब पुरा झाला. नारळ फुटला, रस्सा-भाकरी आली आणि प्रत्येक टोळी आपापला गोल करून बसली. मी ताट घेऊन उभीच होते. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, “ताई, तुमी कोनच्या टोळीतल्या?” “सगळ्यांच्याच,” मी म्हणाले. त्या हसल्या. “आसं कुटं आस्तं व्हय? बसा कुटंबी.” मी पाण्याच्या टाकीशेजारी बसून जेवले. जेवणं उरकताच टोळ्या टेम्पोत बसून पुढच्या कामाच्या गावी गेल्या. तेवढ्यात आईचा फोन आला. “जेवलीस का?” “हो, सगळ्यांबरोबर,” मी सांगितलं. आता माझ्याकडे बऱ्याच साइट आहेत. स्लॅबच्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं, की मी उपास असल्याचं सांगते.