डाव्या दाराची गोधडी

आमच्या अँबॅसॅडरचं दार हळू लावलं तर लागायचंच नाही. आबांनी वर्षानुवर्षं त्या गाडीतून श्रीगोंद्याहून नगरला भाड्याची माणसं नेली आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं, "दार हाना जोरात." नव्या नवरीलाही त्यांनी सोडलं नाही. मी अजूनही कुणाच्या नव्या गाडीतून उतरलो की दार आपटतो आणि बोलणी खातो.

गेल्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेल्यात जमा. जीभ शाबूत राहिली, पण तिचा वापर त्यांनी बंदच केला. काही हवंय का विचारलं की मान हलवायचे, नको. गाडी अंगणात कडुलिंबाखाली धूळ खात होती आणि आबा खाटेवरून तिच्याकडे बघत असायचे.

दिवाळी जवळ आली तशी त्यांनी एका सकाळी घोषणा केली. "भाऊबीजेला राजूरला जायचं. माझ्याच गाडीत."

राजूरला माझी आत्या असते, त्यांची एकुलती एक बहीण. तिचे गुडघे गेलेत, ती येऊ शकत नाही. आबांनी तिची भाऊबीज कधी चुकवली नव्हती. मी म्हटलं, चांगली एसी गाडी भाड्याने करू. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "त्याच गाडीत ने. दुखण्यातून उठल्यापासून पैल्यांदा कायतरी मागितलंय त्यांनी."

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे, त्यामुळे इंजिन माझ्या हातातलं काम होतं. घोडं अडलं ते दारांपाशी. दारांना आतून लावलेल्या पुठ्ठ्याच्या फळ्या वाळवीने फस्त केल्या होत्या. मागे नुसता पत्रा उरला, धारदार कडांचा. आबा पुढे डावीकडे बसणार, आणि बसले की ते डावीकडेच कलंडतात. म्हणजे राजूरपर्यंत त्यांचं सगळं वजन त्या दारावर. बाजारातून रेक्झिनची फळी आणून लावून बघितली, तर ती पाटासारखी टणक. अकोल्यापुढच्या वळणांत खांदा सोलून निघाला असता.

आई दोन दिवस माझी खटपट नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर बाजूला."

माझी आई गोधड्या शिवते. आमच्या आळीत एकही बाळ असं नाही की जे तिच्या गोधडीत झोपलेलं नाही. तिने दाराच्या पत्र्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि अंगठ्याने कडा दाबत ब्लाऊजचा बेततात तसा दाराचा आकार बेतला. काच वर-खाली करायच्या हँडलच्या जागी कागद टोकरून भोक पाडलं. मग आबांना गाडीत बसवायला लावलं, त्यांच्या बाहीला खांद्यापासून कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ फासलं आणि म्हणाली, "टेका."

"थालीपीठ करती का माझं?" आबा म्हणाले. पण टेकले. कागदावर दोन पांढरे ठसे उठले, एक खांद्याचा, एक कोपराचा. तिथे तिने जास्तीचे थर द्यायचे ठरवले. मी इतकी वर्षं मापं घेतोय, पण दुखऱ्या माणसाचं माप असं घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी निमूटपणे प्लायवूड कापायला बसलो.

आत तिच्या जुन्या सुती साड्यांचे थर, आणि वरून आबांचे गाडीवर असतानाचे खाकी कपडे उसवून काढलेलं कापड. त्यावर लाल दोऱ्याचे टाके, कडेकडेने सुरू होऊन आत आत येणारे. आबांनी खाटेवरून चौकशी केली, "गाडी हाय का बाळंतिणीची खोली?"

"बाळंतिणीला खाकी कोन घालतं?" आई मान वर न करता म्हणाली. घरात पुन्हा भांडण ऐकू येऊ लागलं याचा मला फार आनंद झाला.

मी ती गोधडी प्लायवूडवर ताणून मागून खिळ्यांनी ठोकली आणि दाराला बसवली. धनत्रयोदशीच्या सकाळी दार उघडून बघतो तर खालचा कोपरा कुरतडलेला. चिंध्या सीटभर. उंदीर. पण सीट सोडून, बाकीची दारं सोडून नेमका हाच कोपरा का? मी आईकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

"भाकरी घातली हुती आत," ती म्हणाली. "चतकोरच. गोधडी उपाशी ठिवत न्हाईत."

हे मला माहीत होतं. शेवटचा टाका घालण्याआधी ती प्रत्येक गोधडीत भाकरीचा तुकडा घालते. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणतात. पण गोधडी घरात असते, अंगावर असते, आणि गाडी रात्रभर अंगणात. माझा पारा चढला. "दाराला जेवायला घालतं का कुणी? आता भाऊबीजेला कसं जायचं?"

आई चिंध्या गोळा करत होती. खाटेवरून आवाज आला, "तिच्यावर वरडू नको. तिनं माझ्यासाठी वाढलं, उंदीर जेवून गेला. त्याला ती काय करणार?"

आईने कोपरा उसवून पुन्हा भरला. शेवटचा टाका राहिला तेव्हा आबांनी उजव्या हाताने आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि नखाएवढा तुकडा तिच्यापुढे धरला. "घाल. आन लिंबाचा पाला घाल संगं. कडू लागंल भाड्याला." आईने तो तव्यावर काळा होईस्तोवर भाजला आणि पाल्यात गुंडाळून आत सारला. मी गाडी पडवीत घेतली.

भाऊबीजेला पहाटे निघालो. आबा पुढे, आई मागे. संगमनेर गेलं, अकोले गेलं. वळणं सुरू झाली तसे आबा दारावर कलले आणि चक्क झोपले, गाल खाकीवर ठेवून. मी आरशात पाहिलं, आई खिडकीबाहेर बघत नव्हती. ती त्यांच्या खांद्याकडे बघत होती.

आत्या भिंतीला धरून दारात उभी होती. तिला बघून आबांचे डोळे भरले. मी त्यांना काखेत हात घालून उतरवलं, उभं केलं आणि सवयीने दार आपटायला हात मागे नेला.

"हळू," आबा म्हणाले. "तिच्या हातचं हाय."

मी हळू लावलं. अर्थातच ते लागलं नाही. औक्षण होऊन जेवणं उरकेपर्यंत तसंच किलकिलं राहिलं, आणि आबा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.