बटणावरचं कुंकू

चौसाळ्यात मामांचा फोटो स्टुडिओ होता. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. रोलचे दोन कॅमेरे तेवढे उरले आहेत, तेही घरी, लोखंडी कपाटात. मोठा मामांचा. छोटा एका गिऱ्हाइकाचा. ते दुरुस्तीला देऊन गेलं आणि परत आलं नाही.

गेल्या खंडेनवमीला मी मामांच्या घरी होते. मामांची थोरली मुलगी, म्हणजे आमची अक्का, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघायची होती. लहानगी लेक इथेच आजोळी राहणार होती, म्हणून अक्काला तिचा फोटो बरोबर हवा होता. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत मोबाईल चार्ज करायची सोय नसते. आधी तिने मोबाईलवरचा फोटो बीडहून छापून आणला होता, पण दुकानदाराने पोरीला इतकं गोरं केलं की अक्काने तो तिथेच ठेवला. "सहा महिने कुणाच्या पोरीकडं बघत बसू?" म्हणाली.

मामांना मोतीबिंदू आहे, म्हणून फोटो मी काढायचं ठरलं. माझ्याकडे एकच रोल होता. तो कुठल्या कॅमेऱ्यात घालायचा, एवढाच प्रश्न होता.

"ह्याच्यात घाल," मामांनी मोठा कॅमेरा पुढे केला. "आख्ख्या पट्ट्यातली लग्नं काढलीत ह्यानं."

मामांच्या घरी मेंढरं आहेत. ते कॅमेराही तसाच पारखतात. आधी उचलून वजन बघायचं, मग कान लावून आवाज ऐकायचा. या दोन्हींत मोठा कॅमेरा पास होता. मी व्हिडिओ बघून शिकलेली. टॉर्चने काचेत बुरशी शोधली. नव्हती. मग मागचं झाकण उघडून, रोल न घालता, सगळ्यात कमी वेगावर बटण दाबलं. उजेड आत सोडून लगेच मिटायचा तो पडदा उघडला आणि उघडाच राहिला. कॅमेरा हलवल्यावर मिटला, आणि माझ्या तळहातावर लाल कण पडले.

त्या घरात खंडेनवमीला कोयते आणि लोकर कातरायच्या कात्र्या पुजतात. त्यांच्या शेजारी मामा दरवर्षी कॅमेरा ठेवत आणि कुंकवाचं बोट नेमकं बटणावर टेकवत, कारण पोट त्या बटणावर चालत होतं. छोटा कॅमेरा परक्याचा, म्हणून तो कधी पुजला नव्हता. त्याचा पडदा प्रत्येक वेगावर उघडून मिटला. झाकणाच्या कडेचा स्पंज तेवढा विरघळला होता. तिथून उजेड शिरू नये म्हणून मी काळी चिकटपट्टी लावायचं ठरवलं.

"मामा, छोटा बरा आहे."

"कावून?"

मी तळहात दाखवला. त्यांनी कण बोटावर घेऊन डोळ्याजवळ नेले.

"देवाचं हाय हे. देवाच्यानं कॅमेरा बिघडतोय व्हय? इंग्रजी शाळेत हेच शिकीवलं का?"

मी छोट्या कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"आबा, काढू द्या की तिला तिच्या मनानं," अक्का म्हणाली. "लेक माझी हाय. फोटो न्हाई आला तर मी काय घिऊन जाऊ?"

मामांनी छोटा कॅमेरा उचलला आणि पाटावर कात्र्यांच्या रांगेत ठेवला. "आता कामाला लावायचाय म्हणल्यावर पुजावा लागंल," म्हणाले आणि बोट कुंकवात बुडवलं.

मी चारचौघांत बोलत नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी उठून घेते.

"मामा, बटणावर नको." हे माझ्या अंदाजापेक्षा मोठ्याने निघालं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मग कुठं?"

"गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला लावा."

"पट्ट्याला काय पुजायचं," मामा म्हणाले. पण बोट पट्ट्याकडेच नेलं.

रोल पुण्याहून धुऊन येईपर्यंत अक्काची ऊसतोडीची टोळी कारखान्यावर पोचली होती. बऱ्याच फोटोंत कडेने उजेडाची रेघ शिरली होती, चिकटपट्टी लावूनही. एक नीट आला. त्यात पोरीने कोकराचा कान धरलाय आणि ती माझ्याकडे रागाने बघतेय. तो मी गावाकडे आलेल्या, टोळीच्या मुकादमाबरोबर पाठवला.

काही दिवसांनी अक्काने दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून फोन केला.

"नाक पुसायचं राहिलं गं तिचं," म्हणाली. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "ऱ्हाऊ दे. तसंच असतंय तिचं."