गुणवंतरावांचा वन्समोर

गुणवंतरावांना गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं, आणि वडशाच्या आसपासच्या गावांत गाण्यातलं सर्वांत जास्त कळणारा माणूस म्हणजे गुणवंतराव! आता बोला.

हा घोटाळा झाला एका चहावाल्यापायी. तरुणपणी, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ते नाटकाला बसले होते. बाई गात होत्या आणि ह्यांचा चहा संपला होता. गाणं थांबलं तसा ह्यांनी चहावाल्याला हात वर करून आवाज दिला, "एक और!" बाईंना वाटलं, रसिक भेटला. त्यांनी नमस्कार केला, पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. मंडपात टाळ्यांचा कडकडाट. चहा मात्र आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर एकच बोलणं, "गुणवंताले गान्याची काय समज हाय बाप्पा!" लोक समज आहे म्हणत असताना नाही कोण म्हणेल? झाडीपट्टीत, म्हणजे ह्या पूर्व विदर्भात, धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि गाण्याला वन्समोर मिळाला की नटाचं सोनं होतं. तेव्हापासून पुढची खुर्ची गुणवंतरावांची आणि पहिला वन्समोरही त्यांचाच.

पण माणूस आतून बेचैन. डोळे मिटायचे, मान डोलवायची, मांडीवर ताल धरायचा, सगळं जमलं. आत काही होईल तर शपथ. मग शंका आली, कुणालाच काही होत नसावं. सगळेच सोंगाडे! एकदा शेजारच्या देवाजीला त्यांनी धरलंच.

"खरं सांग बे. गानं आयकून तुले काही होते का?"

"होते ना."

"कवा?"

"तू वन्समोर म्हनते तवा."

घ्या! त्या दिवसापासून गुणवंतराव स्टेजकडं कमी आणि लोकांच्या तोंडाकडं जास्त बघू लागले.

अशात त्यांची लेक दिव्यानी नाटक कंपनीत लागली. गाणारी म्हणून पहिला प्रयोग, तोही आपल्याच गावात. कंपनीचा मालक अंकुशभाऊ रोखठोक माणूस. गावच्या पोरीचं गाणं गावानंच उचललं नाही, तर पोरगी कोरसमध्ये आणि गाणं दुसरीला. गुणवंतरावांची बायको सुगंधाबाई बिनघोर होत्या. "तुमी हाये ना समोर, मंग कायचं भेव?" पण पोरगी बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, मनातून आलं तरच वन्समोर म्हनजा. लेक हाय म्हनून नका म्हनू. तुमाले समजते, म्हनून सांगून राह्यली."

झालं! मनातून म्हणे. मनातून आजवर चहा सोडून काही आलं होतं का? गुणवंतरावांना जेवण जाईना. त्यांची धान भरडायची गिरणी. तिथं ह्या बाईचे तांदूळ त्या बाईच्या पोत्यात जाऊ लागले. म्हणावं तर पोरीशी खोटं, न म्हणावं तर पोरीचं नुकसान. घरात बसवेना, गिरणीत उभं राहवेना.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्याच अंकात दिव्यानी स्टेजवर आली. पेटीनं सूर धरला आणि गुणवंतरावांना युक्ती सुचली. आपलं मन गेलं खड्ड्यात, लोकांचं बघू. एका माणसाच्या तोंडावर जरी खरं काही दिसलं, तरी ओरडायचं. ते खुर्चीत मागं वळले, आणि पाहतात तर काय, अख्खा मंडप त्यांच्याचकडं पाहत होता! देवाजीनं तर टाळीसाठी हात तयारच ठेवले होते. गुणवंतराव या रांगेतून त्या रांगेत शोधत राहिले. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावत होती, पण ते गाण्यानं की शेकोटीच्या धुरानं? एवढ्यात गाणं संपलं. मंडप थांबला. गुणवंतरावांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तोवर खलनायक गडगडाटी हसत आत आला आणि वेळ निघून गेली.

सकाळी कंपनीचा टेम्पो निघायच्या आधी दिव्यानी बॅग घेऊन गिरणीच्या दारात आली.

"नाई आवडलं ना, बाबा?"

"आवडलं ना माय! लय आवडलं!"

"काय आवडलं?"

गुणवंतराव पट्ट्याकडं पाहू लागले.

"सारं गानं तुमी मागं तोंड करून बसले होते," ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं, रडली नाही. "चालही नाई ओळखली?"

"कोनाची चाल?"

"तुमची. इंजिन चालू असलं का तुमी जे गुनगुनता ना, थेच. लहानपनी मी इथी पोत्यावर बसून आयकत होती. कंपनीतल्या पेटीमास्तरले म्हनून दाखवली, तं त्यायनं त्याच्यावर गानं बसवलं. आता थे दुसरी म्हनन."

"मी? मी कुठी गुनगुनतो वो?"

"रोज."

टेम्पोचा हॉर्न वाजला. पोरगी पाया पडली आणि गेली.

गुणवंतरावांनी इंजिन सुरू केलं, पट्टा फिरू लागला, आणि ते स्वतःच्याच तोंडाकडं कान लावून उभे राहिले. काही म्हणजे काही येईना. इंजिन बंद करून ते तसेच, अंगावर कोंडा घेऊन, घरात धावले.

"सुगंधा, गिरनीवर मी काय गुनगुनतो?"

"मले काय मालूम? थ्या आवाजात कोनाले आयकू येते? दिव्यानीलेच विचारा ना."

मोबाइल खिशातच होता. पण पोरीला विचारायचं कोणत्या तोंडानं?