तलावाच्या काठावरचा पेपर

३ एप्रिल १९५५, रविवार. मी राखेत घोळून मासे साफ करत होते. समोर पाट्याला टेकवून तत्त्वज्ञानाचं पुस्तक उघडं ठेवलं होतं. देव आहे का, माणूस स्वतंत्र आहे का, न्याय म्हणजे काय, असे प्रश्न. मंगळवारी चांद्याला पेपर. गावच्या शाळेत शिकवत विद्यापीठाची परीक्षा मी बाहेरून देत होते. आदल्या वर्षी सगळ्या व्याख्या तोंडपाठ असूनही याच विषयात नापास झाले होते. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "बाई, ही शेवटची रजा. पुन्हा आपटलात तर हा नाद सोडा."

मासे घेऊन आलेली शेजारची धिवरीण ओट्यावर टेकली होती.

"काय वाचून राह्यल्या, बाई?"

"न्याय म्हणजे काय, ते."

"अन् ते सांगाले चांद्याले जाता? आमच्या तलावावर या ना!"

तलाव आटू लागला की सगळे धिवर मिळून जाळी ओढतात. माशांचे सारखे ढीग मांडतात. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर काडी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा एक नाव घेतो. आपला ढीग कोणता हे मांडणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो लबाडी करत नाही. वीस वर्षं मी हे पाहत होते, पण त्यावर विचार कधी केला नव्हता.

"आणि जे जाळं ओढायला येत नाहीत? म्हातारे, आजारी?"

"त्यायचाबी वाटा रायते. म्हातारपण काय मले येनार नाई?"

मी पुस्तक मिटलं. ती वैतागून उठेपर्यंत तिला प्रश्न विचारत राहिले.

पेपरात न्यायावर प्रश्न आला. व्याख्या एका ओळीत उरकली आणि चार पानं तलावावर लिहिली. ही रीत कुठे अपुरी पडते तेही लिहिलं: ढीग सारखे करता येतात, भूक सारखी नसते.

जूनमध्ये निकाल लागला. पास, आणि सर्वांत जास्त गुण तत्त्वज्ञानात! हेडमास्तरांनी गुणपत्रिका दोनदा वाचली.

"शिकवणी कोणाची लावली होती?"

"धिवरणीची."

त्यांना ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थनेच्या घंटेआधी, पुढच्या परीक्षेसाठी रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सही होईपर्यंत तिथेच उभी राहिले.