मायावहिनी आणि अध्यक्षाची खुर्ची

काळाचौकीच्या मायावहिनी जाधव म्हणजे एकदा नाही म्हटलं की नाहीच. नवरा सीताराम चाळीतल्या विहार मंडळाचा अध्यक्ष आणि या निवडून आलेल्या उपाध्यक्ष. उपाध्यक्ष कसल्या, भाषणं संपली की आभार मानायला उभं करायचे, एवढंच.

सीताराम अचानक गेला. पुण्यानुमोदनाला सगळी चाळ विहारात जमली. बोलून झालं, डोळे पुसून झाले, आणि मंडळातल्या सगळ्यात जुन्या भिवाकाकांनी हार घेऊन सम्यकला पुढे बोलावलं. सम्यक म्हणजे वहिनींचा एकुलता एक, सव्वीस वर्षांचा. बापाची खुर्ची आता लेकाने सांभाळायची, असं काका म्हणाले. सगळ्यांच्या माना डोलल्या. माणसं चांगली हो, पण मायेपोटी अक्कल गहाण टाकतात ती अशी!

मायावहिनी उठल्या. रडून रडून आवाज बसला होता.

"काका, हार खाली ठेवा. हे काय संस्थान आहे, राजा गेला की युवराज बसवायला?"

मंडळाची घटना गिरणीतल्या जुन्या माणसांनी देशाच्या घटनेवरूनच बेतलेली. राष्ट्रपती वारले तर उपराष्ट्रपतींनी काम बघायचं, सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची, आणि पस्तिशी गाठली नसेल त्याने उभंच राहायचं नाही. तोच नियम मंडळाला. ठाऊक सगळ्यांना होता, पण सीतारामच्या पोराला नाही म्हणायचं कुणी? आईच म्हणाली.

सम्यकचा चेहरा पडला. त्या दिवसापासून तो आईशी बोलेना, ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवायला लागला. वहिनींच्या काळजाला घरं पडली, पण बाई हटली नाही. मंडळाचं काम त्यांनीच रेटलं आणि मुदतीच्या आत निवडणूक लावली. स्वतः उभ्या राहिल्या. समोर मंडळातलाच धनेश, आणि त्याचं नि सीतारामचं कधी पटलं नव्हतं. भिवाकाका समजवायला आले, की निवडणूक लांबवा, तुम्हीच बसा, नाहीतर तो धनेश येईल. वहिनी म्हणाल्या, आला तर आला.

आणि आलाच की तो. नवऱ्याच्या खुर्चीत धनेशला बसलेला बघून त्यांना भडभडून आलं. तरी पहिला हार त्यांनीच घातला.

बाहेर सम्यक थांबला होता. किती दिवसांनी तो बोलला.

"पस्तिशी झाली की मी उभा राहणार."

"राहा की. पण मतं मागायला दारोदार फिर. माझ्याही दारात ये."