लोडमास्टर जागेवर नव्हता

दुपारची जेवणं उरकून मी जरा आडवी होते, पण झोप अशी लागतच नाही. पंख्याची घरघर ऐकू येत राहते, स्वयंपाकघरात सासूबाई भांडी लावतायत तेही कळतं, फक्त हातपाय जड होत होत आपले राहत नाहीत. आजही तसंच चाललंय. कुशीवर वळते, तर पलंगाच्या कडेला निशिकांत बसलेला. अंगात कामावरचं पिवळं जाकीट, पायांत बूट.

"बूट काढ आधी," मी म्हणते. त्याला जाऊन दीड वर्ष झालं, आणि माझ्या तोंडून पहिलं निघतं ते हे.

माझा नवरा निशिकांत मालवाहू विमानावर लोडमास्टर होता. कुठला माल विमानात कुठे ठेवायचा ते पाहणं त्याचं काम. नुसतं वजन मोजून भागत नाही, असं तो मला सांगायचा. ते पुढे पडतंय की मागे, यावर सगळं असतं. त्याच्या विमानाला तर चाकांच्या पायांतच सेन्सर होते. माल चढला की एकूण वजन किती आणि तोल कुठे, ते कॉकपिटमधल्या पडद्यावर उमटायचं. त्या दिवशी विमान धावपट्टीवरून उठलं, नाक वर वर जात राहिलं आणि ते तसंच मागे कोसळलं. दोन पायलट आणि हा, तिघंही गेले. माल मागे जास्त झाला होता, आणि पडद्यावर तसा इशाराही आला होता, असं चौकशीत निघालं. शिवाय हा शेपटीकडच्या आपल्या खुर्चीत नव्हता. पार पुढे सापडला. 'लोडमास्टर जागेवर नव्हता' एवढंच लोकांनी उचललं. घाबरून पळाला असेल, असं एकानं सासूबाईंच्या तोंडावर म्हणून दाखवलं.

"मला एवढंच सांग," मी विचारते, "तू खुर्ची सोडून पुढे कशाला गेला होतास?"

"चहा टाकतेस का?"

मला इतका राग येतो की मी उठतेच. स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या फरशीत, विमानात माल सरकवायला असतात तसे, ओळीनं लोखंडी रोलर बसवलेत. पातेलं खाली ठेवलं की ते आपलं आपण मोरीकडे घरंगळत जातं. सासूबाई एका लाकडी खोक्यावर बसून मेथी निवडतायत. निशिकांतकडे त्या बघत नाहीत. तो मात्र खाली वाकून फरशीची उतरण बघतो.

"सगळं मागच्या बाजूला लावलंय," तो म्हणतो.

"मी काय विचारलं?"

तो फरशीची उतरणच बघत राहतो. जिवंत होता तेव्हाही असाच. मी भांडायला उभं राहावं आणि यानं नळाची गळती बघावी. मी त्याचं जाकीट धरून त्याला वळवते आणि विचारते, पडद्यावर दिसलं होतं की नाही.

"दिसलं होतं."

मग तो सांगतो, पण माझ्याकडे न बघता. त्यानं कॅप्टनला सांगितलं होतं. कॅप्टन म्हणाला, हे यंत्र महिनाभर असंच ओरडतंय. दर वेळी माल उतरवून बघितला, दर वेळी सगळं ठीक निघालं. ते दुरुस्त करा म्हणून निशिकांत मागे लागला होता, तर वरून उत्तर आलं की तोवर त्या इशाऱ्याकडे लक्ष देऊ नका. त्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, मागची खोकी पुढे घेऊ. पण माल चढवणारं यंत्र दुसऱ्या विमानाकडे गेलं होतं, माणसं निघून गेली होती आणि उड्डाणाला आधीच उशीर झाला होता.

"मग उतरायचं होतंस ना," मी म्हणते. "दार उघडून सरळ उतरायचं."

"आणि ते दोघं?"

याचाही मला राग येतो. ओटा आता कुठेच नाही. आम्ही विमानाच्या पोटात उभे आहोत, दोन्ही बाजूंना खोकी, त्यांच्यावर जाड पट्ट्यांची जाळी आवळलेली. निशिकांत जाळीत बोटं अडकवून खोकं पुढे ओढायला लागतो. मीही ओढते. खांदे भरून येतात, खोकं तसूभर हलत नाही. पायाखाली विमान चालायला लागतं.

तो जाळी सोडतो आणि खोक्यांच्या कडेनं अंग चोरत पुढे निघतो.

"कुठे चाललास?"

"पुढे."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. पण माझं वजन तरी तिकडे जाईल, वैजू. तेवढंच मला हलवता येतंय."

"त्यानं काय फरक पडणार आहे?"

"काही नाही," तो म्हणतो, आणि जातच राहतो.

मी ओरडून सांगते, हे मी कुणाला सांगू, माझ्यावर विश्वास कोण ठेवणार, चौकशी संपली आहे. इंजिनांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नाही. जमीन मागे कलते. खोकी घसरू नयेत म्हणून मी दोन्ही हातांनी जाळी आवळून धरते.

डोळे उघडतात तेव्हा सासूबाई दारात उभ्या असतात. मला हाक मारलीस का, विचारतात. मी नाही म्हणते. उठायला म्हणून हात टेकते, तर तळव्यातून कळ जाते. दोन्ही तळव्यांवर आडवे-उभे लाल वळ उठलेत, रुंद पट्ट्यांचे, खोल. पलंगावर मऊ गादी आणि साधी चादर आहे.

सासूबाई जवळ येऊन माझा हात खिडकीच्या उजेडात धरतात. अंगठ्यानं वळ चोळतात. ते जात नाहीत.

"कशाला धरून बसली होतीस गं एवढं?"

"बसा, आई," मी म्हणते. "तो पळत नव्हता."